सोनवणे बाईंचा इंग्रजी आवाज

सोनवणे बाई गेल्याचं मला माझ्याच दुकानाच्या काउंटरवर, एका गिऱ्हाइकाचं मोबाइल रिचार्ज करता करता कळलं. माणूस आपटाळ्याकडचा होता. नंबर सांगताना पाचव्या-सहाव्या आकड्याला थांबला आणि म्हणाला, "शेठ, तुमच्या त्या इंग्रजीच्या बाई वारल्या की. परवा झालं समदं. तुमी दिसला नाय तिथं." आणि लगेच उरलेले आकडे सांगायला लागला. माझा एक आकडा चुकला, रिचार्ज भलत्याच्या मोबाइलवर गेलं आणि मी त्या बिचाऱ्यावरच ओरडलो, की मरणाची बातमी अशी नंबराच्या मध्ये सांगतात का. तो गेल्यावर मला कुणी कळवलं नाही याचा राग आला. मग इतके दिवस मीच त्यांची चौकशी केली नव्हती, तर कळवणार कोण, हे आठवलं, आणि राग तसाच राहिला, फक्त कुणावर काढायचा ते कळेना.

त्याला आता सहा आठवडे झाले. बाईंबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून तीनदा बसलो आणि तीनदा कागद फाडला. आदर्श शिक्षिका, मनमिळाऊ स्वभाव, असलं लिहायला मला जमत नाही, आणि बाई मनमिळाऊ होत्या असंही नाही. चिवट होत्या. एकदा डोक्यात काही घेतलं की समोरच्याचा जीव खायच्या. त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझी एक लबाडीही लिहावी लागते. इतके दिवस ती टाळून लिहू पाहत होतो, म्हणून होत नव्हतं.

विमल सोनवणे हे त्यांचं पूर्ण नाव. माहेर आंबेगाव तालुक्यात घोडेगावच्या अलीकडे, सासर जुन्नरात, आणि नोकरी जुन्नरच्या पश्चिमेला एका वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्यांच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून त्या घरात पोरीबाळींनी शिकायचं हे ठरलेलं होतं. त्या शिकल्या, डी.एड. झाल्या. आमचं दुकान तेव्हा कॅसेटचं आणि रेडिओ-टेप दुरुस्तीचं. पणजोबा मारवाडातून आले ते कापड विकायला, आजोबांनी भांडी विकली, वडिलांनी रेडिओ, मी पुढे संगणक. घरात आम्ही काहीही विकत असलो तरी भाषा मराठीच.

नव्वदच्या दशकातल्या एका रविवारी, बाजाराच्या गर्दीत, बाई पहिल्यांदा दुकानात आल्या आणि इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या कॅसेटचा संच घेऊन गेल्या. त्या कॅसेटमध्ये एक माणूस इंग्रजी वाक्य बोलायचा, मग थोडी मोकळी जागा यायची, तेवढ्यात आपण ते वाक्य म्हणायचं. महिन्याभरानं बाई संच घेऊन परत. "प्रकाशभाऊ, ह्यो माणूस लई घाईचा हाय. मी तोंड उघडेस्तोवर ह्याचं पुढचं वाक्य सुरू. मधली जागा वाढवून द्या." आजवर गिऱ्हाइकांनी माझ्याकडून गाणी भरून घेतली होती. मोकळी जागा भरून मागणाऱ्या या पहिल्याच. मी वैतागलो, पण दोन टेप जोडून, वाक्यावाक्याला थांबवत, तीन दुपारी घालवून ते काम करून दिलं. बाई शेजारी स्टुलावर बसून "अजून थोडी... अजून" करत होत्या. तेव्हाच त्यांनी सांगितलं, की डी.एड.च्या तोंडी परीक्षेत इंग्रजीतलं उत्तर त्यांना पाठ होतं, पण समोरचा माणूस हसेल या भीतीनं तोंडातून शब्द फुटला नाही. "शब्द येत व्हते वो. भीती पुढं उभी राह्यली. माझ्या पोरींना ती भीती नको." बाई यापलीकडे स्वतःबद्दल फारसं बोलल्या नाहीत, कधीच.

पुढे पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. ज्या शिक्षकांनी आयुष्यात इंग्रजीचं एक वाक्य मोठ्यानं म्हटलं नव्हतं, त्यांनी ते सहा वर्षांच्या पोरांना शिकवायचं होतं. कागदोपत्री फार सोपं होतं ते. बाईंच्या वाडीची माणसं मुंबईला कामाला होती, त्यांच्या मंडळानं शाळेला एक जुना संगणक दिला. मी तो जोडून द्यायला गेलो तर खोली शेणानं सारवलेली, दारात पोरांच्या चपलांची रांग, आणि संगणकाला हळदीकुंकू लागलेलं. वीज दिवसातून काही तास यायची, ती आली की सगळ्या इयत्ता तिथं. मी बाईंना इंग्रजी शिकवणाऱ्या खेळाची एक सीडी दिली. त्यात टोपी घातलेलं एक अस्वल होतं. ते पडद्यावर चार चित्रं दाखवायचं, त्यातल्या एकाचं नाव इंग्रजीत विचारायचं, बरोबर चित्रावर टिचकी मारली की टाळ्या वाजायच्या. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, की बाई, आता तुम्हाला काही करायलाच नको.

दोन महिन्यांनी बाई आल्या त्या रागावूनच. "भाऊ, काल मी आवाज बंद करून बघितला. पोरं तरीबी जिंकत्यात." मला आधी कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. चित्रं दरवेळी त्याच क्रमानं येत होती. पोरांनी अस्वलाचं बोलणं ऐकणं कधीच सोडलं होतं, पहिल्यांदा वर डावीकडं, मग खाली उजवीकडं, मग परत खाली, अशा जागा पाठ केल्या होत्या. टाळ्या मात्र पुरेपूर. "ही लबाडी त्यांची न्हाई, तुमच्या अस्वलाची हाय," बाई म्हणाल्या. आणि शिवाय त्यातली चित्रं बर्फाची, बर्फाच्या घराची, पोरांनी जन्मात न पाहिलेल्या फळांची. मला खरं तर सीडी परत घेऊन विषय संपवायचा होता. बाईंनी विषय संपू दिला नाही. आपणच खेळ करू म्हणाल्या.

आम्ही तो केला. एक अख्खा उन्हाळा गेला. चित्रं बाईंच्या पोरांच्या ओळखीची: बिबट्या, टोमॅटोचं क्रेट, एसटी, विहीर, ओझरच्या देवळाची दीपमाळ, खोडदच्या दुर्बिणीची ती भलीमोठी तबकडी, हिरडा. हिरड्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, बाईंनाही नव्हतं. "हिरडा इज हिरडा. त्यांच्याकडं नसंल तर त्यांनी शिकावा," असं म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. चित्रं दरवेळी जागा बदलतील अशी सोय मी केली, आणि ती करताना माझा जीव मेटाकुटीला आला, कारण मी काही त्यातला शिकलेला माणूस नव्हे. आवाज सगळा बाईंचा. बाजाराचा दिवस सोडून दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढायचो, पंखा बंद करायचो, बाई घामाघूम होऊन मायक्रोफोनसमोर एकेक शब्द म्हणायच्या. पोरानं चुकीच्या चित्रावर टिचकी मारली तर काय वाजवायचं, असं मी विचारलं. बाईंनी विचार न करता मायक्रोफोनमध्ये म्हटलं, "बघ बरं नीट. मी हाय हितंच." तेच ठेवलं.

खेळ शाळेत लावला आणि एक भानगड झाली. पोरं मुद्दाम चुकायला लागली. बरोबर आलं की नुसती घंटा वाजायची, आणि चुकलं की संगणकाच्या पेटीतून बाई बोलायच्या. पोरं बिबट्या विचारला की विहिरीवर टिचकी मारायची, बाईंचा आवाज ऐकून खिदळायची, मग बिबट्यावर मारायची, आणि मारताना शब्द मोठ्यानं म्हणायची. मला तो खेळातला दोष वाटला. मी बाईंना म्हटलं, की चुकल्यावरचा तो आवाज काढून टाकतो, मार्क कमी पडताहेत. बाई म्हणाल्या, "पडू द्यात. बोलत्यात ना?" मी तेव्हा मान हलवली, पण मला ते पटलं नव्हतं. मला मार्क दिसत होते.

तालुक्याला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन भरलं, तिथं आम्ही संगणक उचलून नेला. मीही गेलो, मिरवायला. पाहुणे म्हणून कुणी एक साहेब आले होते. नाव लिहीत नाही, आणि खरं तर आता आठवतही नाही. त्यांनी टोमॅटोवर टिचकी मारली. बाईंचा आवाज आला. साहेब हसले आणि म्हणाले, "वा, बाई, नारायणगावच्या मार्केटमध्ये लिलाव ऐकल्यासारखं वाटलं." मग बिबट्यावर मारली, परत हसले. सोबतचे सगळे हसले. मीही हसलो. थोडंसंच, साहेबांना बरं वाटावं एवढंच, पण हसलो, आणि मी हसत असतानाच बाईंनी माझ्याकडे पाहिलं. साहेब पुढच्या टेबलाकडे गेले. परत येताना आमच्या टेम्पोत बाई पूर्ण वाटभर संगणकाला धक्का लागू नये म्हणून हात लावून बसल्या होत्या.

पुढच्या रविवारी त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "माझा आवाज काढून टाका. तुमच्या पुतणीचा घाला." माझी पुतणी नेहा पुण्याला इंग्रजी शाळेत होती, सुट्टीला आलेली. दोनदा तरी मी बाईंना तिचं इंग्रजी कौतुकानं ऐकवलं होतं, म्हणजे ही कल्पना त्यांच्या डोक्यात घातली ती मीच. मी "कशाला बाई, राहू द्या की" असं एकदाही म्हटलं नाही. मला आनंद झाला होता, हे आज कबूल करताना लाज वाटते. नेहानं एका दुपारी सगळे शब्द म्हणून टाकले, घामबिम काही नाही. चुकीच्या टिचकीसाठी तिनं इंग्रजीत 'ट्राय अगेन' म्हटलं.

आता ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक चित्राला एक आवाजाची फाइल जोडलेली असते, ती तिच्या नावानं. सगळी जोडणी नव्यानं करायला नको म्हणून मी नेहाच्या फायलींना बाईंच्या फायलींचीच नावं दिली आणि त्यांच्या जागी टाकल्या. संगणक बिचारा विचारत होता, की इथं या नावाची जुनी फाइल आहे, तिच्या जागी ही ठेवू का? मी हो म्हटलं. दुसरीला विचारलं, हो म्हटलं. दहा-बारा वेळा झाल्यावर मी कंटाळलो आणि 'सगळ्यांना हो' असं एक बटण असतं ते दाबलं. वेगळी प्रत काढून ठेवायला पाच मिनिटं लागली असती. जुन्या खेळाच्या दोन सीडी होत्या, एक शाळेतली बाईंनी परत आणून दिली, एक माझ्याकडची. आमच्याकडे द्राक्षबागेत पाखरं येऊ नयेत म्हणून खराब सीडी दोऱ्याला बांधून टांगतात. ओझरच्या वाटेवरचा एक बागवाला माझ्याकडून अशा सीडी गठ्ठ्यानं न्यायचा. त्या दोन्ही मी त्याच्या गठ्ठ्यात टाकल्या.

नवा खेळ सगळ्यांना आवडला. पोरांनी मुद्दाम चुकणं बंद केलं, मार्क वाढले, तपासणीला आलेल्यांनी वहीत शेरा दिला. आणि बाईंनी वर्गात इंग्रजी बोलणं थांबवलं. हे मला फार उशिरा कळलं. त्या पेटीशेजारी उभ्या राहायच्या, पोरांच्या पाळ्या लावायच्या, वीज गेली की थांबायच्या. एकदा मी उंदीर कुरतडलेली वायर बदलायला गेलो तेव्हा विचारलं, की तुम्ही का म्हणत नाही शब्द, वीज नसताना तरी? "ती पोरगी चांगलं म्हणती," एवढंच बोलल्या.

नंतर त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. तीन महिन्यांनी त्या दुकानात आल्या, गळ्याला पांढरा रुमाल, हातात दोनशे पानी वही. मी नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलायला लागलो, जणू त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांनी काउंटरवर वही ठेवून लिहिलं: 'खेळाची पहिली सीडी हवी. माझ्या आवाजाची.' मी विचारलं, कशाला? त्यांनी लिहिलं: 'मुलं त्या मुलीचं ऐकतात. माझ्याकडे बघत नाहीत. माझी लावली तर मी वर्गात बोलल्यासारखं होईल. नोकरीची चार वर्षं राहिलीत.'

आमच्या वडिलांची शिकवण होती, की काउंटरवर उभं राहून नाही म्हणायचं नाही. माल नसला तरी येतोय म्हणायचं, संपला असेल तर उद्या म्हणायचं. ही सवय माझ्या जिभेला अशी लागलेली, की समोर कोण आहे हे बघायच्या आत मी बोलून गेलो, "आहे की बाई. माळ्यावर असेल. शोधून ठेवतो." बाईंचा चेहरा असा उजळला, की खरं सांगणं मी पुढं ढकललं. उद्या सांगू, असं मनाशी म्हटलं.

त्या पुढच्या रविवारी आल्या. त्याच्या पुढच्याही. मी कधी सांगायचो माळा आवरायचाय, कधी सांगायचो नेहाच्या वडिलांकडे पुण्याला गेली असेल. मध्ये एकदा त्या बागवाल्याकडे जाऊन आलो. ओळीओळीनं सीडी टांगलेल्या होत्या, उन्हापावसानं चांदी सुटून नुसत्या काचेगत झालेल्या, मार्करनं लिहिलेलं उडून गेलेलं. बागवाला मागे मागे फिरत होता. "राव, ह्यात काय बघताय? पाखरंबी आता घाबरत न्हाईत त्यांना." त्यातल्या त्यात धड अशा पाच काढून आणल्या. संगणकात घातल्या की त्या नुसत्या फिरायच्या, घरघर व्हायची आणि बाहेर यायच्या. एकच वाचली गेली, तिच्यात कुणाच्या तरी वरातीची गाणी निघाली. एवढं करून तरी बाईंना सांगायचं होतं. तेही सांगितलं नाही. शोधतोय म्हणून खोटं बोललो होतो, आणि खरंच शोधल्यावर तेही लपवून बसलो. दोन वर्षांनी बाई यायच्या थांबल्या. तब्येत ढासळली असेल असं मला कळायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते मी लपवणार नाही.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही मी गेलो नाही. मग गेल्या पंधरवड्यात त्यांची मुलगी ज्योती दुकानात आली. ती चाकणला नर्स आहे. तिला आईचा आवाज हवा होता. "काका, घरात कुठंच नाहीये. माझ्या लग्नाच्या शूटिंगमध्ये आई सगळीकडं बोलतीय, हसतीय, पण शूटिंगवाल्यांनी वरून पिक्चरची गाणी टाकलीत. तोंड हलतंय नुसतं. आई म्हणायची, एक सीडी आहे, प्रकाशभाऊंकडं." मी तिला पाणी दिलं. जुन्या संगणकावर खेळ लावून दिला, का लावला ते माझं मलाच माहीत नाही. ती एकेका चित्रावर टिचकी मारत गेली. बिबट्या, क्रेट, विहीर, दीपमाळ. सगळीकडे नेहा. हिरड्यावरही नेहाच, इंग्रजी ढंगात हिरडा म्हणणारी. शेवटच्या चित्रापर्यंत ती थांबली नाही.

मग तिनं पिशवीतून वही काढली. तशा सात वह्या झाल्या होत्या म्हणे, त्यातली ही रविवारच्या बाजाराची, माझ्या दुकानाची पानं असलेली. बाईंनी शेवटची वर्षं जगाशी जे बोलणं केलं ते सगळं त्यांत होतं: डॉक्टरला विचारलेलं, भाजीवालीला सुनावलेलं, हेडमास्तरांना सांगितलेलं. सगळं अर्धं, कारण समोरचे तोंडानं उत्तर देत होते. ज्योतीनं माझी पानं कागदाच्या चिठ्ठ्या घालून ठेवली होती. 'सापडली का?' 'माळा झाला का?' 'पुण्याहून आली का?' 'सापडली का?' बाईंचं अक्षर फळ्यावरचं, वळणदार, पुढे पुढे कापत गेलेलं. "काका," ज्योती म्हणाली, "ह्यावर तुम्ही काय म्हणायचा?"

मी तिला सगळं सांगितलं. बटण, बाग, वरातीची गाणी, सगळं. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना हातानंच परत पाठवलं. ज्योतीनं पर्समधलं पेन काढून वहीवर ठेवलं. "लिहा ह्याच्यात. तुम्ही तेव्हा तिला जे म्हणालात तेच लिहा, आत्ताचं नको. मला दोघांचं पूर्ण वाचायचंय."

मी लिहीत गेलो. प्रत्येक प्रश्नाशेजारी समासात. आहे की बाई. माळ्यावर आहे. पुढच्या रविवारी नक्की. पुण्याला विचारलंय. एवढी पानं होती, आणि मला प्रत्येक उत्तर आठवत होतं. शेवटच्या चिठ्ठीच्या पानावर बाईंनी लिहिलं होतं: 'भाऊ, नसेल तर नाही म्हणा. मी काही म्हणणार नाही.' ही ओळ त्यांनी माझ्यासमोर लिहिली होती, वही माझ्याकडे फिरवली होती, आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या. मी त्या दिवशी जे म्हणालो तेच शेजारी लिहिलं. 'असं कसं बाई, जाते कुठं, मिळेल की.'